सोडतीत निघालेला देश

१८३२ च्या ऑक्टोबरात जॉर्जिया राज्याच्या तेव्हाच्या राजधानीत, मिलेजव्हिल गावात, एका मोठ्या सोडतीला सुरुवात झाली. एका पिंपात राज्यातल्या गोऱ्या नागरिकांच्या नावांच्या चिठ्ठ्या होत्या, दुसऱ्यात जमिनीच्या तुकड्यांच्या. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढली जायची आणि नाव पुकारलं जायचं. साधा तुकडा १६० एकरांचा, सोनं सापडण्याची शक्यता असलेल्या पट्ट्यातला ४० एकरांचा. साधे तुकडे सुमारे १८ हजार होते, सोन्याचे सुमारे ३५ हजार. ज्याचं नाव निघालं त्याने किरकोळ शुल्क भरायचं आणि जमीन नावावर करून घ्यायची.

जॉर्जियाला सोडतींची सवय होती. १८०५ पासून राज्य अशाच रीतीने जमिनी वाटत आलं होतं. या खेपेला वाटायची जमीन मात्र रिकामी नव्हती. तिच्यावर चेरोकी लोक राहत होते, आणि तेही नांगरलेली शेतं, पीचच्या बागा, पाणचक्क्या, नावेचे घाट, शाळा यांच्यासह. त्यांचं लिखित संविधान होतं, सर्वोच्च न्यायालय होतं, स्वतःच्या लिपीत छापलेलं वर्तमानपत्र होतं. राज्याचे मोजणीदार साखळ्या घेऊन त्यांच्या शेतांतून फिरून गेले होते आणि नकाशावर त्या सगळ्याचे चौकोन पाडले गेले होते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या विस्ताराची गोष्ट आपल्यापर्यंत पोहोचली ती बहुतेक चित्रपटांतून. घोडदौड, बाण, बंदुका, माळरानावरून चाललेल्या गाड्यांची रांग. चेरोकींना देशोधडीला लावलं गेलं तेव्हा लढाई जवळजवळ झालीच नाही. तिथे जनगणना होती, अर्ज होते, खटले होते, करार होता. शेवटी संगिनी आल्या, पण निकाल कागदावर आधीच लागला होता. त्या विस्ताराचं खरं यंत्र या प्रकरणात जितकं उघडं दिसतं तितकं कुठल्याही रणांगणावर दिसत नाही, असं मला वाटतं.

आजची जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामा ही चार राज्यं जिथे एकमेकांना भिडतात त्या डोंगराळ भागात चेरोकी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. जमीन सगळ्यांची मिळून होती. जो कसेल त्याची वहिवाट, पण विकण्याचा हक्क कुणालाच नाही. कुळ आईकडून चालायचं आणि मक्याची शेती बायकांच्या हातात होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात यांतल्या बहुतेकांनी इंग्रजांची बाजू घेतली आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांची गावं जाळली गेली. नंतर १७८५ चा होपवेल करार आणि १७९१ चा होल्स्टन करार झाला. त्यांत चेरोकींनी बराच मुलूख सोडला आणि उरलेला त्यांचाच राहील, अशी हमी अमेरिकेच्या केंद्र सरकारने दिली.

जॉर्ज वॉशिंग्टनच्या सरकारचं धोरण असं होतं की या लोकांना नांगर, चरखे आणि मिशनऱ्यांच्या शाळा द्याव्यात. पुरुष शेतीला लागले की शिकारीचे विस्तीर्ण रान त्यांना लागणार नाही, आणि ते रान आपोआप विकत मिळेल. टॉमस जेफरसनने पुढचं पाऊल उचललं. १८०३ मध्ये विल्यम हेन्री हॅरिसनला लिहिलेल्या खासगी पत्रात त्याने स्पष्ट सांगितलं आहे की सरकारी दुकानांतून उधारी वाढू द्यावी. कर्ज डोईजड झालं की हे लोक ते फेडायला जमिनी देतील. या धोरणाच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत एकत्रच चालत राहिल्या. शिकवणारा हात आणि जमीन मागणारा हात एकाच सरकारचे होते.

त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी घडल्या. १७९३ मध्ये जॉर्जियातच, सव्हानाजवळच्या एका मळ्यावर, एली व्हिटनीने कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र बनवलं. आतल्या डोंगरपायथ्याच्या जमिनीत येणारा आखूड धाग्याचा कापूस एकाएकी फायद्याचा झाला, आणि त्याबरोबर गुलामांची मागणी आणि जमिनीची भूक दोन्ही भडकली. दुसरी गोष्ट १८०२ ची. जॉर्जियाने आपला पश्चिमेचा मुलूख केंद्राला साडेबारा लाख डॉलरला दिला आणि बदल्यात केंद्राने वचन दिलं की जॉर्जियाच्या हद्दीतला आदिवासींचा जमिनीवरचा हक्क शांततेने आणि वाजवी अटींवर शक्य होईल तेव्हा संपवला जाईल. म्हणजे एकाच जमिनीबद्दल केंद्र सरकारने चेरोकींना एक शब्द दिला होता आणि जॉर्जियाला बरोबर उलटा.

चेरोकींनी नांगर हाती घेतला. चरखे घेतले, गुरं पाळली, मुलं मिशनच्या शाळांत घातली. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत सुमारे ५०० चेरोकी अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने क्रीक लोकांच्या बंडखोर गटाविरुद्ध लढले. टॅलापूसा नदीच्या वळणावर क्रीकांचा तळ होता. चेरोकी पोहत पलीकडे गेले, क्रीकांच्या होड्या पळवून आणल्या आणि शत्रूच्या पाठीवर हल्ला चढवला. जॅक्सनचा तो विजय ज्यांनी सुकर केला त्यांत पुढे या कथेत येणारी तीन माणसं होती: मेजर रिज, ज्याला ‘मेजर’ हे नाव याच युद्धात चिकटलं, तरुण जॉन रॉस, आणि सिक्वोया.

सिक्वोया चांदीचं काम करणारा कारागीर. त्याला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हतं. गोऱ्यांचे कागद बोलतात हे मात्र त्याने पाहिलं होतं. कित्येक वर्षं तो एकटाच खुणा करत बसला. आपल्याकडे ‘का’, ‘की’, ‘कू’ एका ‘क’पासून होतात; त्याने तशा प्रत्येक उच्चाराला स्वतंत्र चिन्ह दिलं. शेवटी ८६ चिन्हं ठरली. १८२१ मध्ये त्याने ती लोकांपुढे मांडली तेव्हा सोबत त्याची लहान मुलगी होती, तिला त्याने वाचायला शिकवलं होतं. बापाने एका ठिकाणी लिहावं आणि मुलीने दुसरीकडे वाचावं, हे पाहून शंकेखोरांची खात्री पटली. काही वर्षांत हजारो लोक, शाळेत पाय न टाकलेले, आपल्या भाषेत पत्रं लिहू लागले. जगाच्या इतिहासात निरक्षर माणसाने एकट्याच्या बळावर लिपी घडवल्याची आणि ती सबंध समाजाने स्वीकारल्याची उदाहरणं अगदी मोजकी आहेत.

१८२७ मध्ये न्यू एकोटा या राजधानीत चेरोकींनी संविधान मंजूर केलं: दोन सभागृहं, प्रमुख, न्यायालय. १८२८ मध्ये जॉन रॉस प्रमुख म्हणून निवडून आला आणि त्याच वर्षी २१ फेब्रुवारीला ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघालं, काही मजकूर इंग्रजीत आणि काही सिक्वोयाच्या लिपीत. संपादक होता इलायस बूडिनो, मेजर रिजचा पुतण्या. कनेटिकटमधल्या कॉर्नवॉलच्या मिशन शाळेत तो शिकला होता. तिथल्याच हॅरिएट गोल्ड या गोऱ्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याच धर्मनिष्ठ गावाने दोघांच्या प्रतिमा जाळल्या होत्या. ज्यांनी त्याला सुधारलं म्हणून अभिमान बाळगला त्यांचीच ही तऱ्हा.

या सुधारणेचं रंगीत चित्र काढताना एक बाजू झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही. नव्या व्यवस्थेत बायकांचा आवाज मागे गेला. १८१७ मध्ये नॅन्सी वॉर्ड या मानाच्या वृद्ध स्त्रीच्या पुढाकाराने बायकांनी सभेला आणखी जमीन देऊ नका असं निक्षून कळवलं होतं. दहा वर्षांनी झालेल्या संविधानात मताचा हक्क फक्त पुरुषांना मिळाला. आणि सधन चेरोकींनी गोऱ्या मळेवाल्यांकडून आणखी एक प्रथा उचलली होती, गुलामगिरीची. १८३५ च्या जनगणनेत १६,५४२ चेरोकींबरोबर १,५९२ काळे गुलाम नोंदले आहेत. रिज, रॉस, व्हॅन अशी सगळी मोठी घराणी गुलाम राखून होती. पुढे पश्चिमेची वाटचाल करावी लागली तेव्हा ही माणसंही निघाली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

संविधान झाल्यावर जॉर्जियाचा संताप उफाळला. चेरोकी जंगली आहेत, हे बोलणं आता पुरत नव्हतं. उलट ते शेतकरी झाले, घरं बांधली, राष्ट्र म्हणून उभे राहिले, हाच आता त्यांचा गुन्हा ठरला. भटक्या शिकाऱ्याला आज ना उद्या पुढे ढकलता येतं. बागा लावणारा आणि कोर्ट चालवणारा माणूस आपणहून उठून जाण्याची आशा करता येत नाही. सुधारणेची अट चेरोकींनी पुरी केली आणि त्यामुळेच त्यांना हलवण्याची घाई सुरू झाली, असा या सगळ्या घटनाक्रमाचा अर्थ मी लावतो.

१८२८ च्या अखेरीस अँड्र्यू जॅक्सन अध्यक्षपदी निवडून आला. लगोलग जॉर्जियाने कायदे केले: १ जून १८३० पासून चेरोकी मुलखावर राज्याचा अंमल, चेरोकींचे सगळे कायदे रद्द, आणि गोऱ्या माणसाविरुद्ध चेरोकीची साक्ष कोर्टात चालणार नाही. या शेवटच्या कलमाचा परिणाम सहज कळतो. एखाद्याने गोठ्यातली जनावरं भरदिवसा हाकून नेली तरी दाद मागायची सोयच उरली नाही. त्यातच १८२९ मध्ये डहलोनेगाच्या आसपास सोनं सापडलं आणि हजारो खाणकरी डोंगरांत घुसले.

जॅक्सनने काँग्रेसपुढे मांडलेला युक्तिवाद असा होता की एका राज्याच्या पोटात दुसरं सरकार असू शकत नाही; आदिवासींनी राज्याचे कायदे मानावेत किंवा मिसिसिपीच्या पलीकडे जावं, तिथे ते सुखाने राहतील. तो स्वतःला त्यांचा हितचिंतक म्हणवत असे आणि कदाचित तसं मानतही असेल. विरोध मात्र कमी नव्हता. कॅथरीन बीचरने बायकांची अर्जमोहीम चालवली, आणि अमेरिकेतल्या स्त्रिया एका राष्ट्रीय प्रश्नावर संघटितपणे सरकारकडे गेल्या त्या पहिल्यांदा इथे. सिनेटमध्ये न्यू जर्सीचा थिओडोर फ्रिलिंगहायसन तीन दिवसांत मिळून सहा तास बोलला. टेनेसीचा डेव्ही क्रॉकेट, स्वतः सरहद्दीवरचा शिकारी आणि जॅक्सनच्याच राज्याचा, विरोधात गेला. तरी आदिवासींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचं विधेयक सिनेटमध्ये २८ विरुद्ध १९ आणि प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झालं. २८ मे १८३० रोजी जॅक्सनने त्यावर सही केली. तीन माणसांनी मत फिरवलं असतं तर इतिहास वेगळा झाला असता.

सर्वांत आधी मिसिसिपी राज्यातले चोक्टॉ लोक गेले. १८३१ च्या डिसेंबरात फ्रेंच प्रवासी अलेक्सी द तोकव्हील मेम्फिसला होता. गोठलेल्या थंडीत जखमी, आजारी, तान्ही मुलं, मरणाला टेकलेले म्हातारे यांना नदी ओलांडताना त्याने पाहिलं आणि त्या शांततेबद्दल लिहून ठेवलं. जमलेल्यांत कुणाचं रडणंही ऐकू येत नव्हतं.

चेरोकी मात्र कोर्टात गेले. कायद्याचं राज्य म्हणतात ते हेच, असं त्यांना शिकवलं गेलं होतं. त्यांनी विल्यम वर्ट हा देशाचा माजी महान्यायवादी वकील म्हणून घेतला. या काळात जॉर्जियाच्या कोर्टाने कॉर्न टॅसल नावाच्या चेरोकीला फाशीची शिक्षा दिली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याला नोटीस काढली, तर राज्याने २४ डिसेंबर १८३० ला त्याला फासावर चढवून उत्तर दिलं. १८३१ च्या पहिल्या खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शलने निकाल दिला की चेरोकी हे परकीय राष्ट्र नाही, त्यामुळे त्यांना थेट या कोर्टात येता येणार नाही. सहानुभूतीचे शब्द होते, हाती काही नव्हतं.

दुसरी संधी जॉर्जियानेच दिली. राज्याच्या परवान्याशिवाय चेरोकी मुलखात राहायचं नाही, असा नियम गोऱ्या लोकांवर घातला गेला. मिशनरी सॅम्युएल वूस्टर आणि एलायझर बटलर यांनी परवान्यासाठी लागणारी राज्यनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. दोघांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. आता खटला अमेरिकन नागरिकांचा होता. ३ मार्च १८३२ ला मार्शलने निःसंदिग्ध निकाल दिला: चेरोकी हा स्वतंत्र समाज आहे, त्याची हद्द ठरलेली आहे आणि त्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. न्यू एकोटात आनंदोत्सव झाला. बूडिनोने भावाला कळवलं की प्रश्न आता कायमचा सुटला.

सुटला नव्हता. मार्शलने निकाल दिला, आता अंमलबजावणीही त्यानेच करावी, अशा अर्थाचं एक वाक्य जॅक्सनच्या तोंडी घातलं जातं. तो तसं बोलल्याचा भक्कम पुरावा नाही आणि बोलण्याची त्याला गरजही नव्हती. मेजर रिजचा मुलगा जॉन रिज त्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये त्याला भेटला आणि सरकार निकाल राबवणार का, असं थेट विचारलं. उत्तर नकाराचं होतं. वर्षअखेरीस साउथ कॅरोलिनाने केंद्राचा जकात कायदा आपल्या राज्यात रद्द ठरवला, यादवीची भाषा सुरू झाली. शेजारचं जॉर्जिया त्यांना मिळू नये म्हणून चेरोकींच्या बाजूचे पुष्कळ मित्रही मवाळ झाले. मिशनऱ्यांना माफी स्वीकारायला राजी करण्यात आलं आणि जानेवारी १८३३ मध्ये ते सुटले. खटला जिंकलेल्यांच्या शेतांत सोडतीचे विजेते मात्र येऊ लागले. लोक राहत असलेल्या घरांना हात लावू नये, अशी अट सुरुवातीच्या कायद्यात होती. ती फार टिकली नाही. १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून रात्री परतलेल्या प्रमुख जॉन रॉसला आपल्या घरात परके लोक राहताना आढळले. त्याचं कुटुंब बाहेर काढलं गेलं होतं. नंतर तो टेनेसीच्या हद्दीत एका ओंडक्यांच्या झोपडीत राहायला गेला.

याच वर्षांत चेरोकींमध्ये फूट पडली, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या कहाणीतला हा सगळ्यात दुखरा भाग आहे. जॉन रिज वॉशिंग्टनहून परतला तो मनातून हरून. त्याचा बाप मेजर रिज, चुलतभाऊ बूडिनो आणि बूडिनोचा भाऊ स्टँड वॉटी यांचं मत बनलं की इथे राहिलो तर लोक दारू, लूट आणि उपासमारीने संपतील; मिळेल तो मोबदला घेऊन पश्चिमेला गेलेलं बरं. रॉस आणि त्याच्यामागे असलेला बहुसंख्य समाज हे ऐकायला तयार नव्हता. रॉसमध्ये आठवा हिस्साच चेरोकी रक्त होतं, इंग्रजी त्याला जास्त सोपी जाई, पण डोंगरातल्या जुन्या वळणाच्या शेतकऱ्यांचा विश्वास त्याच्यावरच होता. वर्तमानपत्रात स्थलांतराची चर्चा करायला त्याने बूडिनोला मनाई केली. बूडिनोने १८३२ मध्ये राजीनामा दिला. १८३४ मध्ये पत्र बंद पडलं आणि पुढच्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना उचलून नेला.

रिज मंडळींना सरळ देशद्रोही म्हणणं सोपं आहे. जॉर्जियाच्या गव्हर्नरने त्यांची घरं सोडतीच्या विजेत्यांपासून राखली, ही गोष्टही खरी आहे. पण त्यांनी जे पाहिलं तेही खोटं नव्हतं. कोर्ट, काँग्रेस आणि अध्यक्ष तिन्ही दारं ठोठावून झाली होती. चुकलं ते हे की सोळा हजार लोकांचा निर्णय त्यांनी मूठभरांत घेतला. २९ डिसेंबर १८३५ रोजी न्यू एकोटात, बूडिनोच्या घरी, सुमारे वीस जणांनी करारावर सह्या केल्या: मिसिसिपीच्या पूर्वेचा सगळा मुलूख अमेरिकेला, बदल्यात ५० लाख डॉलर आणि पश्चिमेला जमीन. त्या सभेला आलेले लोक काही शेच होते. प्रमुख नव्हता, निवडून आलेली सभा नव्हती. सभेच्या परवानगीशिवाय जमीन विकणाऱ्याला मृत्युदंड, हा चेरोकींचा कायदा मेजर रिजला पाठ होता. १८०७ मध्ये डबलहेड नावाच्या नेत्याला याच अपराधासाठी ठार करणाऱ्यांत तो स्वतः होता. आपण आपल्याच मरणावर सही केली, असं तो नंतर म्हणाल्याचं सांगतात.

रॉसने करार बनावट असल्याचा अर्ज पाठवला. त्यावर पंधरा हजारांवर चेरोकींच्या सह्या होत्या, म्हणजे जवळजवळ प्रत्येक माणसाची. १८३६ च्या मे महिन्यात सिनेटने ३१ विरुद्ध १५ मतांनी करार मान्य केला. दोन-तृतीयांशासाठी लागणाऱ्या मतांपेक्षा एकही मत जास्त नव्हतं. जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली, २३ मे १८३८ पर्यंत. फार थोडे आपणहून गेले. बाकीच्यांनी त्या वसंतातही मका पेरला. रॉस वॉशिंग्टनला आहे, तो काहीतरी करेल, यावर त्यांची भिस्त होती. राल्फ वॉल्डो इमर्सनने एप्रिलमध्ये अध्यक्ष व्हॅन ब्युरनला जळजळीत पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही.

मुदत संपताच जनरल विनफील्ड स्कॉट सुमारे ७ हजार शिपायांसह उतरला. त्याने सैनिकांना माणुसकीने वागण्याचे हुकूम दिले होते आणि ते खुल्या मनाने दिले असावेत. प्रत्यक्ष काम बहुतांशी जॉर्जियाच्या स्वयंसेवकांच्या हाती होतं, आणि त्यांतल्या कित्येकांचा डोळा याच जमिनीवर होता. जेम्स मूनी या अभ्यासकाने पन्नास वर्षांनी वृद्ध चेरोकींकडून आणि सैनिकांकडूनही आठवणी टिपून घेतल्या. जेवायला बसलेली कुटुंबं दारात अचानक संगिनी पाहून उठली. शेतातून पुरुष, चरख्यावरून बाया, खेळातून मुलं धरून नेली गेली. टेकडीवरून मागे वळून पाहावं तर घराला आग लागलेली. लुटारू सैनिकांच्या पाठोपाठ चालत होते आणि चांदीच्या दागिन्यांसाठी त्यांनी कबरी उकरल्या. पुढे यादवी युद्धात हजारोंचं मरण पाहिलेल्या एका जॉर्जियन सैनिकाने मूनीला सांगितलं की चेरोकींना हलवण्याइतकं क्रूर काम त्याने दुसरं पाहिलं नाही.

जॉर्जियातली धरपकड तीनेक आठवड्यांत उरकली. लोकांना ओंडक्यांच्या कुंपणांत आणि टेनेसीतल्या छावण्यांत कोंडलं गेलं. जूनमध्ये पहिल्या तीन टोळ्या बोटींनी पाठवल्या. उन्हाळा भयंकर होता, नद्या आटल्या, वाटेत माणसं मेली. तेव्हा चेरोकींनीच विनंती केली की उरलेल्यांना शरदात जाऊ द्या आणि व्यवस्था आमच्याकडे द्या. स्कॉटने मान्य केलं. पण तोवरचे महिने छावण्यांत काढावे लागले आणि तिथे गोवर, डांग्या खोकला आणि हगवणीने सगळ्यांत आधी लहान मुलं नेली. मिशनरी डॅनियल बट्रिक त्यांच्यासोबत राहिला आणि त्याने रोजनिशीत ते दिवस लिहून ठेवले आहेत.

शरदात साधारण हजार-हजारांच्या तुकड्या निघाल्या. टेनेसी, केंटकी, इलिनॉयचं दक्षिण टोक, मिसुरी, आर्कान्सा असा हा रस्ता. गाड्यांत सामान, म्हातारे आणि आजारी, बाकीचे पायी. केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलजवळ व्हाइटपाथ नावाचा वृद्ध नेता वारला. १८२७ मध्ये त्याने नव्या संविधानाविरुद्ध बंड केलं होतं. गोऱ्यांची ही रीत आपली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. गोऱ्यांच्या रीती उचलणारा आणि त्या नाकारणारा, दोघांनाही एकाच रस्त्याने चालावं लागलं. मागून येणाऱ्या तुकड्यांना कबर दिसावी म्हणून तिच्यावर खूण करून ठेवली गेली. केंटकीत एका प्रवाशाला ही रांग भेटली. त्याने न्यूयॉर्कच्या पत्रात लिहिलं की वाटेतल्या रहिवाशांच्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक मुक्कामाला चौदा-पंधरा जणांना पुरलं जात होतं.

डिसेंबर-जानेवारीत मिसिसिपी नदीत बर्फाचे तुकडे वाहू लागले. नावा चालेनात. मागे ओहायो, पुढे मिसिसिपी, आणि मध्ये हजारो माणसं आठवडेच्या आठवडे उघड्यावर अडकली. जेसी बुशीहेड या चेरोकी धर्मोपदेशकाच्या बायकोला नदी ओलांडल्यावर मुलगी झाली. तिचं नाव मिसुरी ठेवलं. रॉसची बायको क्वाटी लिटल रॉकजवळ १ फेब्रुवारी १८३९ ला वारली. शेवटच्या तुकड्या मार्चमध्ये पोहोचल्या. छावण्या, प्रवास आणि पोहोचल्यानंतरचे महिने मिळून मेलेल्यांचा आकडा साधारण ४ हजार मानला जातो. हा अंदाज तुरुंग भोगलेल्या त्याच एलायझर बटलरचा. तो डॉक्टरही होता आणि बरोबर चालला होता. दर चार माणसांत एक.

पोहोचल्यावर हिशेब चुकते झाले. २२ जून १८३९ च्या एकाच दिवशी तीन टोळ्या निघाल्या. जॉन रिजला पहाटे अंथरुणातून ओढून बायकोमुलांसमोर भोसकलं. मेजर रिजला रस्त्यात दबा धरून गोळ्या घातल्या. बूडिनोकडे काही जण औषध मागायला आले आणि त्याला बाजूला नेऊन कुऱ्हाड-सुऱ्यांनी मारलं. तिथून जवळच वूस्टरचं घर होतं. तुरुंगातून सुटल्यावर तोही पश्चिमेला आला होता आणि दोघे पुन्हा चेरोकी भाषेतल्या छपाईच्या कामाला लागले होते. स्टँड वॉटी वाचला. रॉसने हुकूम दिल्याचा पुरावा नाही, पण मारणारे त्याच्या बाजूचे होते आणि कुणालाही शिक्षा झाली नाही. सूडाची साखळी १८४६ च्या तडजोडीपर्यंत चालली. यादवी युद्धात ती पुन्हा पेटली: वॉटी दक्षिणेचा जनरल झाला आणि २३ जून १८६५ ला, दक्षिणेच्या सगळ्या जनरलांत शेवटी, शरण आला.

तरीही त्यांनी देश पुन्हा उभारला. टालेक्वा ही राजधानी वसली, नवं संविधान आलं, शाळांचं जाळं झालं, १८५१ मध्ये मुलींसाठी सेमिनरी सुरू झाली. गुलामांना या उभारणीचा वाटा मिळाला नाही. १८४२ मध्ये व्हॅनच्या मळ्यावरचे गुलाम मेक्सिकोच्या दिशेने पळाले आणि चेरोकी स्वारांनीच त्यांना पकडून आणलं. १८६६ च्या कराराने मुक्त झालेल्यांना नागरिकत्व दिलं, पण त्यांच्या वंशजांना ते हक्काने मिळायला २०१७ चा कोर्टाचा निकाल आणि त्यानंतर २०२१ मध्ये संविधानातले रक्ताच्या अटीचे शब्द काढले जाणं, इतकी वाट पाहावी लागली.

पश्चिमेची जमीन कायमची म्हणून दिली होती. गोऱ्यांची वस्ती तिथेही आली. १६ सप्टेंबर १८९३ ला चेरोकी आउटलेट म्हणून ओळखला जाणारा साठ लाखांहून अधिक एकरांचा पट्टा खुला झाला आणि बंदुकीच्या आवाजासरशी लाखभर माणसं घोड्यांवरून आणि गाड्यांतून जमीन बळकवायला धावली. १८९८ च्या कायद्याने चेरोकींची सामायिक जमीन माणशी तुकड्यांत वाटली गेली, त्यांची न्यायालयं बंद झाली. १९०७ मध्ये त्या मुलखाचं ओक्लाहोमा राज्य झालं. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत मात्र थोडे चेरोकी मागे राहिले होते, काही लपून आणि काही आधीपासून राष्ट्राच्या हद्दीबाहेर जमीन घेऊन. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.

जॉर्जियाने चेरोकींविरुद्धचे ते जुने कायदे १९६२ मध्ये रद्द केले, न्यू एकोटाचं स्मारक उघडताना. वूस्टर आणि बटलर यांना राज्याने क्षमा केली १९९२ मध्ये. २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की काँग्रेसने रद्द न केलेली क्रीक लोकांची राखीव हद्द कायद्याने अजून जिवंत आहे, आणि त्याच न्यायाने पुढच्या वर्षी ओक्लाहोमाच्या कोर्टाने चेरोकींचीही हद्द मान्य केली.

चेरोकी नेशनची नागरिकसंख्या आता साडेचार लाखांच्या पुढे आहे. न्यू एकोटाच्या ज्या कराराला रॉस आणि पंधरा हजार माणसांनी बनावट म्हटलं, त्याच्या सातव्या कलमात एक आश्वासन आहे: काँग्रेस तशी तरतूद करेल तेव्हा चेरोकींना प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी पाठवता येईल. अमेरिकेने त्या करारातली आपल्या फायद्याची सगळी कलमं दोन वर्षांत वसूल केली. सातव्याबद्दल कुणी विचारलं नाही. २०१९ मध्ये प्रमुख चक हॉस्किन यांनी किम टीही यांचं नाव त्या जागेसाठी जाहीर केलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीपुढे त्यावर सुनावणी झाली. जागा त्यानंतरही दिली गेली नाही, आणि चेरोकी नेशनने मागणी सोडलेली नाही.